चढउतारांचे रस्ते आणि इतिहासाच्या जागा: रोड सायकलने एका दिवसाचा मार्ग कसा आखावा

सपाट प्रदेशात सायकलचा मार्ग आखताना किलोमीटर मोजले की बहुतेक काम होते. टेकड्या, ओढे आणि लहानमोठ्या दऱ्यांनी भरलेल्या ग्रामीण मुलखात मात्र किलोमीटर हा अपुरा आधार ठरतो, कारण तिथला रस्ता सतत वरखाली होत असतो आणि ज्या ऐतिहासिक जागा पाहण्यासाठी आपण निघालेलो असतो, त्या नेमक्या चढांच्या माथ्यावर किंवा उतारांच्या तळाशी असतात. किल्ला, जुना पूल, मठ, तटबंदीचे गाव यांची जागा बहुतेक वेळा भूगोलाने ठरवून दिलेली असते. हा भूगोल वाचता आला की चांगला मार्ग निम्मा आखून झाला, असे माझे मत आहे. म्हणूनच या लेखात सायकलच्या आधी नकाशाबद्दल लिहिले आहे. डोळ्यांसमोर आहे तो पन्नास ते शंभर किलोमीटरचा, मुख्यतः डांबरी रस्त्यांवरचा एका दिवसाचा मार्ग, आणि घाई नसलेला पण दिवसभर सायकल चालवण्याची सवय असलेला सायकलस्वार.

जागा तिथे का आहे, हे आधी पाहा

नकाशावर पाहण्याजोग्या जागांच्या खुणा केल्यावर त्या लगेच रेषेने जोडू नयेत. आधी प्रत्येक खुणेला एकच प्रश्न विचारावा: ही वास्तू इथेच का बांधली गेली? टेहळणीसाठी किंवा संरक्षणासाठी बांधलेली वास्तू उंचावर असणार, म्हणजे तिथे पोहोचायला चढ आहे आणि निघताना उतार आहे. पूल, पाणचक्की आणि बाजाराचे जुने गाव नदीकाठी असणार, म्हणजे तिथून निघाल्यावर कोणत्याही बाजूला गेले तरी चढ लागेल. मठ पाण्याजवळ पण वर्दळीपासून दूर, बरेचदा दरीच्या आतल्या टोकाला असतो, आणि अशा दरीत शिरलेला रस्ता कित्येकदा तिथेच संपतो किंवा पुढे खिंडीकडे तीव्र चढत जातो. जुने व्यापारी आणि लष्करी रस्ते पूर टाळण्यासाठी पुष्कळदा डोंगरधारेवरून जातात, त्यामुळे एकदा धारेवर पोहोचल्यावर बराच वेळ तुलनेने सौम्य चढउतार मिळतात, मात्र वारा अंगावर घ्यावा लागतो.

याचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे इंग्लंडच्या उत्तर भागातली हेड्रियनची भिंत. रोमन सम्राट हेड्रियनच्या आज्ञेने इ. स. १२२ मध्ये तिचे काम सुरू झाले. पूर्वेला टाईन नदीकाठच्या वॉल्सएंडपासून पश्चिमेला सॉल्वेच्या खाडीवरच्या बोनेसपर्यंत ती ८० रोमन मैल, म्हणजे सुमारे ११७ किलोमीटर पसरलेली होती. मधल्या भागात ही भिंत व्हिन सिल नावाच्या कठीण अग्निजन्य खडकाच्या कड्यावरून जाते. या खडकाची उत्तरेकडची बाजू तुटलेली आणि दक्षिणेकडची उतरती आहे. रोमनांना हवा होता तो अडथळा निसर्गाने अर्धा बांधूनच ठेवला होता. भिंतीच्या दक्षिणेला, सखल भागातून, स्टेनगेट नावाचा त्याहून जुना रोमन रस्ता जात असे आणि विंडोलँडाचा किल्ला त्या रस्त्यावर आहे. पुढे १७४५ च्या जेकोबाइट बंडानंतर (पदच्युत स्टुअर्ट राजघराणे परत आणण्यासाठी झालेल्या उठावानंतर), १७५० च्या दशकात, सैन्याला पूर्व-पश्चिम जलद हलवता यावे म्हणून ‘मिलिटरी रोड’ बांधला गेला आणि पूर्वेकडच्या कित्येक मैलांत तो थेट भिंतीच्या पायावरच घातला गेला. आज तो बी ६३१८ या क्रमांकाने ओळखला जातो.

सायकलस्वाराला या सगळ्या इतिहासाचा उपयोग काय, तर पुष्कळ आहे. मिलिटरी रोड सरळ आहे; तो टेकडी टाळत नाही, तिच्यावरून जातो आणि पुन्हा उतरतो, त्यामुळे तिथे मैलोन्‌मैल झोपाळ्यासारखे चढउतार लागतात. सरळपणामुळे मोटारी तिथे वेगाने जातात, आणि प्रत्येक माथ्यापलीकडचे काही दिसत नाही. याउलट ‘हेड्रियन्स सायकलवे’ हा ७२ क्रमांकाचा राष्ट्रीय सायकल मार्ग बराचसा दक्षिणेकडच्या शांत रस्त्यांनी आणि टाईनच्या खोऱ्यातून जातो. मग कड्यावरचा हाउसस्टेड्स किल्ला पाहायचा असेल तर खोऱ्यातून मुद्दाम चढून जायचे, पाहून झाले की पुन्हा खाली यायचे, आणि विंडोलँडा ओघात पाहायचे, असा मार्ग आपोआप आकाराला येतो. भिंतीचा मुलूख भिंतीला चिकटूनच पाहिला पाहिजे असा हट्ट धरणाऱ्याचा दिवस मिलिटरी रोडवर मोटारींच्या सोबतीने जातो.

दुसरे उदाहरण इंग्लंडमधल्याच कॉट्सवोल्ड टेकड्यांचे. ज्युरासिक काळातल्या चुनखडीच्या या टेकड्यांचा पश्चिमेकडचा कडा तीव्र आहे, तर पूर्वेकडचा उतार लांब आणि सौम्य आहे. ब्रॉडवे गाव कड्याच्या पायथ्याशी आहे आणि १७९९ च्या सुमारास पूर्ण झालेला ब्रॉडवे टॉवर माथ्यावर, समुद्रसपाटीपासून ३१२ मीटर उंचीवर आहे. पश्चिमेकडून आल्यास ही सगळी उंची थोड्या अंतरात चढावी लागते, तर पूर्वेकडून आल्यास ती अनेक किलोमीटरांत वाटली जाते. ज्यांना खडा चढ हवाच असेल त्यांनी ब्रॉडवेहून स्नोज्हिलमार्गे शांत गल्लीरस्त्याने वर जावे; ज्यांना नको असेल त्यांनी वर्तुळाची दिशा उलटी करावी. याच मुलखात नॉर्थलीच आणि चिपिंग कॅम्पडेन येथे मध्ययुगातल्या लोकरीच्या व्यापारातून आलेल्या पैशावर उभी राहिलेली भव्य चर्चे आहेत. माथ्यावरच्या पठारावर मेंढ्या आणि तिथूनच जाणारे रस्ते हे त्या व्यापाराचे गणित डोळ्यांसमोर असले की एवढ्याशा गावात एवढे मोठे चर्च का, हे सायकलवरूनच उमगते.

चढाचा हिशोब

मार्ग तपासताना दोन आकडे एकत्र पाहावेत: एकूण अंतर आणि एकूण चढाई, म्हणजे वाटेतल्या सगळ्या चढांची मिळून होणारी उंची. ठोकताळा असा की दर किलोमीटरला पाच मीटरपेक्षा कमी चढाई असेल तर मार्ग जवळपास सपाट समजावा, दहा मीटरच्या आसपास असेल तर तो खरा उंचसखल, आणि पंधराच्या पुढे गेला तर दिवस कष्टाचा. ऐंशी किलोमीटरमध्ये ९०० मीटर हा आकडा कागदावर सौम्य वाटतो, पण तो तीस-चाळीस मीटरच्या पंचवीसेक चढांत विभागलेला असेल तर पाय त्याची जाणीव एका लांब घाटापेक्षा जास्त करून देतात, कारण लय पुन्हापुन्हा मोडते.

वेळेचा अंदाज घेण्यासाठी थोडे भौतिकशास्त्र कामी येते. सायकलसह ८५ किलो वजन १०० मीटर वर नेण्यास सुमारे ८३ हजार ज्यूल ऊर्जा लागते. पॅडलवर १५० वॉट इतका टिकाऊ जोर लावणाऱ्या माणसाला त्यासाठी नऊ मिनिटांहून थोडा जास्त वेळ लागतो. यातला काही भाग उतारावर परत मिळतो, पण सगळा नाही, कारण वेग वाढला की हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि मिळालेली उंची वाऱ्यात खर्च होते; शिवाय ग्रामीण उतारावर वळणे आणि वस्ती असल्यामुळे ब्रेकही लावावे लागतात. म्हणून सपाट रस्त्यावरच्या वेळेत दर १०० मीटर चढाईसाठी पाच ते सात मिनिटे मिळवावीत, उतार मोकळे असतील तर पाच आणि वळणावळणाचे असतील तर सात. सपाटीवर ताशी २२ किलोमीटर जाणाऱ्याला वरच्या ८० किलोमीटरच्या मार्गासाठी तीन तास चाळीस मिनिटे आणि वर सुमारे ५५ मिनिटे, म्हणजे साडेचार तासांहून थोडे जास्त सायकलवर घालवावे लागतील. दोन जागी एकेक तास आणि पाणी, खाणे, छायाचित्रे यांसाठी पाऊण तास धरला की दिवस सव्वासात तासांच्या पुढे जातो. मी हा हिशोब कागदावर मांडूनच मग सूर्यास्ताची वेळ पाहतो.

याच सूत्राने ओझ्याचाही विचार करता येतो. पाच किलोचे जादा सामान १०० मीटरच्या चढावर अर्ध्या मिनिटाहून थोडा जास्त वेळ घेते, म्हणजे हजार मीटर चढाईच्या दिवसात साधारण साडेपाच मिनिटे. तेव्हा पावसाचे जाकीट, कुलूप किंवा जादा ट्यूब वजनासाठी घरी ठेवण्यात काही अर्थ नाही.

चढाईचा आकडा वाचताना एक सावधगिरी बाळगावी. मार्ग आखण्याची ॲप्स आणि संकेतस्थळे उंचीची माहिती बहुधा भूपृष्ठाच्या अंकीय प्रतिकृतीतून घेतात. त्यांपैकी मोठा भाग २००० साली एन्डेव्हर अंतराळयानातून रडारने केलेल्या मोजणीवर आधारलेला आहे आणि त्यात दोन बिंदूंमधले अंतर सुमारे ३० किंवा ९० मीटर असते. रस्ता दरीवरच्या पुलावरून जात असेल तरी प्रतिकृतीत दरीचा तळच दिसतो आणि आलेखात खोटा उतार व खोटा चढ उमटतो; बोगद्याबाबत उलटे घडते आणि रस्ता डोंगरावरून गेल्यासारखा दाखवला जातो. खड्या उताराच्या कडेने कोरलेल्या रस्त्यालाही नसलेले खाचखळगे चिकटतात. शिवाय प्रत्येक साधन या आकड्यांमधले बारीक चढउतार वेगळ्या रीतीने गाळते, त्यामुळे एकाच मार्गाची चढाई एका ठिकाणी ८०० आणि दुसऱ्या ठिकाणी १००० मीटर दिसू शकते. यावर उपाय एवढाच की दोन मार्गांची तुलना नेहमी एकाच साधनात करावी, आणि आलेखावर एखादा सुळका संशयास्पद वाटला तर समोच्च रेषांचा, म्हणजे समान उंचीचे बिंदू जोडणाऱ्या रेषांचा नकाशा उघडून रस्ता त्या रेषा खरोखर ओलांडतो का ते मोजावे. दोन रेषांमधला उंचीचा फरक १० मीटरचा असेल आणि रस्ता २०० मीटरांत दोन रेषा ओलांडत असेल, तर चढ दहा टक्क्यांचा आहे, मग ॲप काहीही म्हणो.

कोणता रस्ता धरावा

दोन जागांना जोडणारे रस्ते सहसा तीन-चार असतात आणि त्यांतला सर्वांत थेट रस्ता बहुधा सायकलसाठी सर्वांत वाईट असतो. अनेक देशांत ऐतिहासिक स्थळांकडे नेणाऱ्या पाट्या तपकिरी रंगाच्या असतात. त्या मोटारींसाठी लावलेल्या असल्यामुळे मुख्य रस्त्यानेच वळवतात, म्हणून त्यांच्यामागे जाऊ नये. मधल्या दर्जाचे रस्ते, ज्यांवर मध्यरेषा आखलेली नसते आणि जे गावागावांना जोडतात, ते शोधावेत. मात्र नकाशावरची बारीक रेषा डांबरी असेलच असे नाही. ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून बनवलेल्या नकाशावर अनेक रस्त्यांच्या पृष्ठभागाची नोंद असते, उपग्रहचित्रात डांबर करड्या रंगाचे आणि कच्चा रस्ता फिकट मातकट दिसतो, आणि इतर सायकलस्वारांच्या नोंदींवरून तयार केलेल्या वापराच्या नकाशात एखादा रस्ता पूर्ण अंधारात असेल तर त्यामागे काहीतरी कारण असते. तिन्ही पाहावे, एकावर विसंबू नये.

कच्चा रस्ता टाळायचाच असतो असेही नाही. इटलीच्या टस्कनी प्रांतातल्या पांढऱ्या खडीच्या रस्त्यांचा तर इतिहास स्वतंत्र आहे: ते नाहीसे होऊ नयेत म्हणून १९९७ मध्ये गायोले इन क्यांती येथे जुन्या सायकलींची ‘लेरोइका’ ही फेरी सुरू झाली आणि २००७ पासून ‘स्त्रादे ब्यांके’ ही व्यावसायिक शर्यत त्याच प्रदेशात होऊ लागली. ती सिएनाच्या पियाझ्झा देल कांपो या मध्ययुगीन चौकात संपते, आणि चौकाच्या आधीच्या सांता कातेरिना गल्लीचा चढ १६ टक्क्यांपर्यंत जातो. या भागातली जुनी गावे टेकड्यांच्या माथ्यांवर आहेत. सिएनाने १२१३ ते १२१९ या काळात उभारलेले मोंतेरिज्जोनीचे तटबंदीचे गाव त्यांपैकीच एक. म्हणजे प्रत्येक गावात शिरण्याची किंमत एक छोटा चढ. कोरड्या ऋतूत अशा खडीवर वळताना पुढचे चाक सटकते, पावसात तीच खडी चिखल होऊन ब्रेकमध्ये अडकते, आणि उतारावर रस्त्यावरच्या आडव्या खाचांमुळे हात बधिर होतात. मार्गात पाच-सात किलोमीटर खडी असेल तर ती चढाच्या बाजूला येईल अशी दिशा निवडावी. खडीवर चढणे सोपे नसते, पण उतरण्यापेक्षा सुरक्षित असते.

दगडी फरसबंदीचेही तेच. बेल्जियमच्या फ्लँडर्समधली औद क्वारेमोंतची वाट सुमारे २२०० मीटर लांब आणि सरासरी चार टक्क्यांची आहे, म्हणजे चढ म्हणून ती सौम्यच. तिला कठीण करतात ते दगड. अशा वाटेवर गिअर नेहमीपेक्षा एका पायरीने जड ठेवून, हात सैल सोडून, मध्यभागीच्या उंच पट्ट्यावरून जावे.

दिवसाच्या शेवटी पाय थकलेले असताना उपयोगी पडतात ते सपाट वारसामार्ग. रेल्वेला दोन-तीन टक्क्यांपेक्षा जास्त चढ सहसा झेपत नाही, म्हणून बंद पडलेल्या लोहमार्गांवरून केलेल्या सायकलवाटा टेकड्यांच्या मुलखातही जवळपास समतल असतात. कालव्यांचे काठ तर त्याहून सपाट. १६६६ ते १६८१ या काळात बांधलेल्या फ्रान्समधल्या कॅनाल द्यू मिदीच्या काठाने जाताना उंची बदलते ती फक्त पाणदरवाज्यांपाशी. मात्र अशा काठांवर झाडांची मुळे वर आलेली असतात आणि पृष्ठभाग दर काही किलोमीटरला बदलतो, हे रोड सायकलच्या अरुंद टायरांना ध्यानात ठेवावे लागते.

दिवसाची घडी

तपशिलाने पाहायच्या जागा दिवसाला दोनच ठेवाव्यात. बाकीच्या रस्त्यावरून दिसतील तेवढ्या पाहाव्यात. पाच जागांची यादी घेऊन निघालेला सायकलस्वार पाचही ठिकाणी घड्याळ बघतो. पहिली मोठी जागा एकूण चढाईचा निम्म्याहून जास्त भाग संपल्यावर यावी आणि दुसरी शेवटच्या तिसऱ्या हिश्शात, ज्यानंतर मोठा चढ उरलेला नसेल.

यामागचे कारण थांब्यानंतरच्या पायांत आहे. तासभर दगडी पायऱ्या चढून-उतरून, उभे राहून पाहिल्यावर स्नायू थंड होतात आणि आखडतात. माथ्यावरच्या किल्ल्यानंतर निदान उतार असतो. तिथे अडचण थंडीची, कारण घामाने भिजलेल्या कपड्यांवर उताराचा वारा बसतो, म्हणून आत शिरतानाच पातळ जाकीट चढवावे आणि ते उतार संपेपर्यंत काढू नये. नदीकाठच्या जागेनंतर लगेच चढ असेल तर दहा मिनिटे काठाकाठाने हलक्या गिअरमध्ये चालवून मग चढाला लागावे, आणि काठाने रस्ताच नसेल तर चढाची सुरुवातीची शंभर-दोनशे मीटर सायकल हातात धरून चालत जाण्यात कमीपणा मानू नये.

उघडण्याच्या वेळा आधीच तपासाव्यात. पुष्कळ संग्रहालये आठवड्यातून एक दिवस, बरेचदा सोमवारी, बंद असतात. हिवाळ्यात वेळ कमी होते. आणि शेवटचा प्रवेश बंद होण्याच्या अर्धा ते एक तास आधी मिळतो. ग्रामीण चर्च, मंदिर किंवा मठ असेल तर पूजेची, प्रार्थनेची वेळही पाहावी. यांपैकी जी वेळ सर्वांत अडचणीची असेल ती खुंटी समजून बाकीचा दिवस तिच्याभोवती मांडावा.

वाऱ्याचा विचार मार्गाची दिशा ठरवताना करावा. जमिनीवरच्या प्रदेशात सकाळचा मंद वारा ऊन तापेल तसा वाढत जातो, म्हणून वर्तुळाकार मार्गात सकाळी वाऱ्याला तोंड द्यावे आणि दुपारनंतर तो पाठीवर घ्यावा. हेड्रियनच्या भिंतीचा मार्ग बहुतेक लोक पश्चिमेकडून पूर्वेकडे करतात, ते तिथल्या प्रबळ पश्चिमी वाऱ्यामुळेच. उघड्या डोंगरधारेवर वारा खोऱ्यापेक्षा जास्त असतो. तिथे आडवा वारा अपेक्षित असेल तर उंच कडेचे रिम बसवलेली चाके लावू नयेत.

सायकल: गिअर आधी, बाकी नंतर

उंचसखल मुलखात सायकलमध्ये एकच गोष्ट बदलता येत असेल तर सर्वांत हलका गिअर बदलावा. पुढे ३४ दात्यांची चेनरिंग (पॅडलजवळचे दातेरी चाक) आणि मागे २८ दात्यांची सर्वांत मोठी चकती असेल तर पॅडलच्या एका फेऱ्यात सायकल सुमारे २.६ मीटर पुढे जाते. मिनिटाला ७० फेरे ठेवायचे म्हटले तर वेग ताशी ११ किलोमीटर होतो आणि दहा टक्क्यांच्या चढावर ८५ किलो वजनासाठी जवळपास २६५ वॉट लागतात. मागे ३४ दात्यांची चकती असेल तर त्याच ७० फेऱ्यांना वेग ताशी ९ किलोमीटरच्या आसपास येतो आणि सुमारे २१७ वॉट पुरतात. सामान्य सायकलस्वाराच्या दृष्टीने हा फरक चढ बसून पार करण्यात आणि गुडघ्यांवर जोर देत उभे राहून धडपडण्यात आहे. मोठी कॅसेट, म्हणजे मागच्या चकत्यांचा संच, बसवण्यापूर्वी मागच्या डिरेलरची (साखळी एका चकतीवरून दुसरीवर नेणाऱ्या यंत्रणेची) कमाल क्षमता आणि साखळीची लांबी पाहून घ्यावी; जुन्या आखूड पिंजऱ्याच्या डिरेलरला ३४ दाते बहुधा झेपत नाहीत.

टायर २८ ते ३२ मिलिमीटर रुंदीचे, फ्रेममध्ये बसतील तेवढे रुंद. रुंद टायरमध्ये हवा कमी ठेवता येते आणि खडबडीत रस्त्यावर त्यामुळे वेग जात नाही. हवेचा दाब टायरवर आणि रिमवर लिहिलेल्या कमाल मर्यादांपैकी जी कमी असेल तिच्या आत असावा. टायर अडकवणारी आतली कड (हुक) नसलेल्या रिमसाठी ही मर्यादा ७२.५ पीएसआय आहे. ब्रेक पॅड, दोन ट्यूब, पंप, टायर लिव्हर, साखळीची जोडकडी, पुढचा-मागचा दिवा ही यादी प्रत्येकाला माहीत असते, तिच्यात मी फक्त एक गोष्ट घालेन, ती म्हणजे बुटांची.

रोड सायकलच्या बुटांची प्लास्टिकची क्लीट, म्हणजे बूट पॅडलला अडकवणारा तुकडा, तळव्याच्या बाहेर आलेली असते. पायऱ्यांच्या झिजून गुळगुळीत झालेल्या दगडांवर ती घसरते, आणि जुनी लाकडी किंवा फरशीची जमीन खरवडते. काही वास्तूंमध्ये अशा बुटांनी आत जाऊ देत नाहीत, आणि ते योग्यच आहे. तळव्यात रुतवलेली दोन स्क्रूंची छोटी क्लीट असलेले बूट आणि त्याला जुळणारी पॅडल वापरली तर चालणे आणि सायकल दोन्ही निभतात. रोडची क्लीट सोडवत नसेल तर तिच्यावर चढवण्याची रबरी टोपणे खिशात ठेवावीत.

चढावर आणि उतारावर

छोट्या चढाची सगळी गंमत त्याच्या आधीच्या पन्नास मीटरांत असते. उतारावरून मिळालेला वेग समोरच्या चढावर घेऊन जायचा, वेग उतरू लागताच मागच्या चकत्यांवरचे गिअर एकेक करून हलके करायचे, आणि पुढची चेनरिंग बदलायचीच असेल तर ती चढ सुरू होण्यापूर्वी, पॅडलवर जोर नसताना बदलायची. चढाच्या मध्यावर पूर्ण जोरात असताना बदलली की साखळी उतरते. प्रत्येक चढावर उभे राहून जोर काढण्याचा मोह होतो, विशेषतः पहिल्या तासात. त्या तासात बोलता येईल इतक्याच श्रमावर राहिलेला माणूस चौथ्या तासात पुढे असतो.

उतारावर मर्यादा ठरते ती दृष्टीने. कोरड्या सपाट रस्त्यावर चांगले ब्रेक असले तरी ताशी ५० किलोमीटर वेगाने थांबायला, प्रतिक्रियेचा एक सेकंद धरून, सुमारे ३४ मीटर लागतात आणि ३० च्या वेगाने १५ मीटर. उतारावर आणि ओल्या रस्त्यावर त्याहून जास्त. दोन्ही बाजूंना उंच बांध किंवा झाडोरा असलेल्या गल्लीरस्त्यात वळणापलीकडचे वीस मीटरही दिसत नसतील तर ३० हाच वेग पुरेसा आहे. वळणापलीकडे ट्रॅक्टर, गुरे, शेतातून आलेला चिखल किंवा वाहून आलेली खडी असते. ब्रेक वळणाच्या आधी लावावा, वळणात सोडावा, बाहेरचे पॅडल खाली ठेवून त्यावर वजन द्यावे, आणि नजर वळण जिथे संपते तिथे ठेवावी.

खाणे आणि पाणी याबद्दल थोडक्यात: तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदके आणि हवामानानुसार अर्धा ते पाऊण लिटर पाणी हे प्रमाण बहुतेकांना चालते. ग्रामीण भागात दुकाने दुपारी बंद असू शकतात, म्हणून पाणी भरण्याची ठिकाणे आधीच नकाशावर नोंदवावीत आणि शेवटच्या मोठ्या चढाआधीचे ठिकाण चुकवू नये.

जागेवर पोहोचल्यावर

सायकल जुन्या भिंतीला, समाधीच्या दगडाला किंवा कोरीव खांबाला टेकवू नये. पॅडल आणि हँडलची टोके चुन्याचा गिलावा आणि मऊ दगड सहज ओरबाडतात. तिकिटखिडकीजवळ विचारले तर बहुतेक ठिकाणी कर्मचारी नजरेसमोरची जागा दाखवतात. एकट्याने जात असाल तर फ्रेम आणि मागचे चाक एकत्र बांधेल असे कुलूप न्यावे, सायकलचा संगणक आणि दिवे काढून खिशात ठेवावेत. दोघे असाल तर आळीपाळीने आत जाणे सर्वांत निर्धास्त. मोकळ्या माळावरच्या भग्न वास्तूंच्या भिंतींवर चढू नये, पायाखालचे दगड शतकानुशतके चुन्याशिवाय उभे असतात.

निघण्यापूर्वी एक काम मार्गाच्या फाइलमध्येच करून ठेवावे. प्रत्येक मोठ्या जागेनंतर एक तोडफाटा, म्हणजे मुक्कामाकडे किंवा जवळच्या रेल्वे स्थानकाकडे कमीत कमी चढाने नेणारा रस्ता, वेगळ्या जीपीएक्स फाइलमध्ये (मार्गाचे बिंदू साठवणाऱ्या फाइलमध्ये) जतन करावा आणि उपकरणात ऑफलाइन नकाशासह घालावा, कारण दरीत मोबाइलचे नेटवर्क जाते. पहिला फाटा अंतराच्या साधारण चाळिसाव्या टक्क्याला आणि दुसरा सत्तराव्या टक्क्याला असला म्हणजे पुरे. हे फाटे कधी धरायचे त्याची वेळही आधीच लिहून ठेवावी, उदाहरणार्थ ‘पहिल्या जागेवरून दीडपर्यंत निघालो नाही तर फाटा धरायचा’. रेल्वेने परतायचे असल्यास गाडीत सायकल नेण्याचे नियम, आरक्षणाची गरज आणि शेवटच्या गाडीची वेळ त्या ओळीशेजारीच नोंदवावी. फिरून आल्यावर बंद निघालेले फाटक, डांबरी वाटलेला पण खडीचा निघालेला रस्ता, चढाचा चुकीचा निघालेला आकडा हे सगळे त्याच फाइलमध्ये त्या-त्या बिंदूवर टिपून ठेवले, तर पुढच्या वेळी तोच मार्ग उलट्या दिशेने करताना आखणीला दहा मिनिटेही लागत नाहीत.